पाव लिटर प्राणवायूसाठी पाच लिटरचे यंत्र

हे परीक्षण भाड्याने मिळणाऱ्या पाच लिटर क्षमतेच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे आणि तो पुरवणाऱ्या सेवेचे आहे. आमच्या लातूर जिल्ह्यात हे यंत्र बहुतेक घरांत म्हाताऱ्या माणसासाठी येते. बिडीने किंवा चुलीच्या धुराने निकामी झालेल्या फुप्फुसांना त्याचा आधार मिळावा एवढीच अपेक्षा असते, आणि दुकानदाराच्या बोलण्यातही तोच रुग्ण गृहीत धरलेला असतो. आमच्या घरी ते आले तेव्हा रुग्ण अडीच महिन्यांचा होता आणि त्याचे वजन दोन किलो शंभर ग्रॅम होते. यंत्राविषयी आणि दुकानांविषयी माझे जे मत झाले आहे ते या एका फरकातून झाले आहे, त्यामुळे वयस्क रुग्णासाठी यंत्र शोधणाऱ्यांना यातील काही तक्रारी अनाठायी वाटतील.

आमचा मुलगा जानेवारी २०२४ मध्ये, अठ्ठाविसाव्या आठवड्यात, ९८० ग्रॅम वजनाचा जन्मला. फुप्फुसे उघडी राहावीत म्हणून त्याला जन्मल्याबरोबर सर्फॅक्टंट द्यावे लागले, त्यानंतर अकरा दिवस व्हेंटिलेटर, मग सीपॅप म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देणारे यंत्र, मग नाकातील बारीक नळी, असे करत लातूरच्या रुग्णालयात अठ्ठ्याहत्तर दिवस गेले. गर्भाच्या हिशेबाने छत्तीस आठवडे पूर्ण झाले तरी त्याचा ऑक्सिजन सुटला नाही, तेव्हा डॉक्टरांनी ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया हे निदान कागदावर लिहिले. अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसांना ज्या उपचारांनी जगवले त्याच उपचारांचा ताण त्यांच्यावर राहून जातो, आणि तो भरून निघण्याचा मार्ग एकच असतो: मूल वाढले पाहिजे, म्हणजे त्याच्याबरोबर फुप्फुसांत नवे वायुकोश तयार होतात. वाढीसाठी रक्तातील ऑक्सिजन सतत पुरेसा हवा, तो कमी राहिला तर वजन अडते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब येतो, म्हणून घरी सोडताना चिठ्ठीवर ‘मिनिटाला ०.२५ लिटर, दिवसरात्र’ असे लिहून दिले आणि पल्स ऑक्सिमीटरवर आकडा ९३ च्या खाली राहू देऊ नका असे बजावले. गुढीपाडव्याला दहा-बारा दिवस उरले होते आणि आम्हाला चाकूर तालुक्यातील आमच्या गावी जायचे होते.

यंत्र करते काय हे आधी सांगितले पाहिजे, कारण आमची पहिली फसगत ते न समजल्यामुळे झाली. कॉन्सन्ट्रेटरच्या आत ऑक्सिजन साठवलेला नसतो. ते खोलीतील हवा ओढून घेते, दाबते आणि झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक खड्यांनी भरलेल्या नळकांड्यातून सोडते. त्या दाबाखाली खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे जाते ती हवा जवळजवळ ऑक्सिजनच असते. नळकांडी दोन असतात. एक भरत असताना दुसरे धरलेला नायट्रोजन बाहेर टाकून मोकळे होते, म्हणून दर काही सेकंदांनी गोठ्यात म्हैस सुस्कारा टाकते तसा आवाज येत राहतो. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तर नीट चालणाऱ्या यंत्रातून तो ९० ते ९६ टक्के मिळतो. झिओलाइटचा वैरी म्हणजे ओल. खड्यांनी एकदा ओल धरली की त्यांची नायट्रोजन धरण्याची ताकद जाते, यंत्र मात्र पूर्वीसारखेच धडधडत राहते, दिवा लागतो, सुस्कारेही तसेच येतात आणि नळीतून हवाही तेवढीच येते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही बिघडलेले दिसत नाही.

पहिले यंत्र आम्ही रुग्णालयाजवळच्या एका दुकानातून घेतले. दुकानाचे नाव मी देत नाही. भाडे महिना ३,५०० रुपये होते, अनामत १०,००० होती आणि डिस्चार्जच्या गडबडीत एवढ्यावर सगळे ठरले. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली नाही, रुग्ण किती वयाचा आहे हेही विचारले नाही. यंत्र घेऊन आलेल्या मुलाला मी पाव लिटरची खूण कुठे आहे असे विचारले, तेव्हा त्याने धार मोजणाऱ्या, आत गोळी तरंगणाऱ्या फ्लोमीटरच्या काचेवर बोट ठेवून सांगितले, “ताई, ही अर्ध्याची रेघ. तिच्या खाली गोळी अर्ध्यात आणून ठेवा, पाव झालं.” पाच लिटरच्या बहुतेक यंत्रांवर पहिली खूण अर्ध्या लिटरचीच असते, कारण मोठ्या माणसाला त्याहून कमी लागत नाही. त्या रेघेखाली गोळी कुठेही उभी केली तरी ती काय दाखवते हे सांगणे अशक्य असते, आणि आमच्या लेकराचे सगळे औषध त्या रेघेखालच्या जागेतच होते.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग झोपेत आकडा ९० आणि ८९ दिसू लागला. आम्ही गोळी अर्ध्या लिटरवर नेली, तेव्हा तो ९२ पर्यंत आला आणि तिथेच अडकला. दूध पिताना लेकराच्या छातीखाली खड्डा पडू लागला आणि त्या आठवड्यात वजन फक्त चाळीस ग्रॅमने वाढले. सासूबाई म्हणाल्या, “माय, लेकरू दमायलंय गं,” आणि मला त्या वाक्याचा राग आला, कारण ते मला दोन दिवसांपासून दिसत होते. फुप्फुसे पुन्हा बिघडली असेच आम्ही दोघांनी धरले होते. यंत्राकडे बोट दाखवावे असे कोणाच्याही मनात आले नाही, कारण यंत्र चालू होते.

एकोणिसाव्या दिवशी आम्ही त्याला लातूरला नेले. तिथे भिंतीतल्या पाइपलाइनवर, मोजून पाव लिटरवर लावल्यानंतर दहा मिनिटांच्या आत आकडा ९६ झाला आणि तिथेच राहिला. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इको करून घेतला आणि त्यांत नवीन काही नाही असे सांगून विचारले, “घरचं मशीन कोणी तपासलंय?” आम्ही गाडीत ठेवलेले यंत्र वर आणले. रुग्णालयातील तंत्रज्ञाने त्याच्या तोंडाला ऑक्सिजन ॲनालायझर लावला तेव्हा त्यावर ७१ टक्के दिसले. यंत्राच्या मागे तासांचा मीटर असतो हे मला त्या दिवशी कळले, आणि त्या मीटरवर आकडा फक्त ६०० च्या आसपास होता, म्हणजे यंत्र वापरून झिजलेले नव्हते. तंत्रज्ञाचा तर्क असा होता की ते २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आलेल्या यंत्रांपैकी असावे, थोडे दिवस चालले असेल आणि मग दोन-अडीच वर्षे कुठल्यातरी कोपऱ्यात पावसाळे काढत पडले असेल. त्या लाटेत अशी यंत्रे गावोगावी आली आणि लाट ओसरल्यावर ती कुठे गेली याचा विचार कोणी केला नाही. मला वाटते, भाड्याच्या बाजारात हिंडताना आजही हीच गोष्ट पहिल्यांदा तपासली पाहिजे: कमी चाललेले यंत्र म्हणजे चांगले यंत्र असा समज दुचाकीच्या बाबतीत खरा असेल, इथे तो उलटा पडू शकतो.

दुकानदाराने यंत्र परत घेतले, पण महिन्याचे भाडे कापूनच घेतले. शुद्धता कमी असल्याचा कागद दाखवला तेव्हा तो म्हणाला की आजोबा लोक यावरच महिने काढतात. ते आजोबा लोक कसे महिने काढत असतील हा विचार मला त्यानंतर अनेकदा छळून गेला आहे.

दुसऱ्या दुकानाने आमच्याकडे पहिली मागणी केली ती डिस्चार्ज कार्डाची. फोनवर ‘पाव लिटर’ ऐकल्यावर पलीकडचा माणूस, म्हणजे त्या दुकानाचा तंत्रज्ञ, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ताई, मग साध्या फ्लोमीटरवर जमणार नाही, लहान मुलांचा वेगळा मीटर लागतो, तो मागवावा लागेल. उद्या दुपारपर्यंत लेकराला दवाखान्यातच राहू द्या.” त्या एका वाक्यासाठी मी या सेवेला पाचपैकी पाच तारे द्यायला तयार आहे. दुसऱ्या दिवशी तो यंत्रे दोन घेऊन आला. लहान मुलांचा मीटर यंत्राच्या तोंडाशी वेगळा बसवावा लागतो आणि त्यावर एका लिटरच्या आतल्या बारीक खुणा असतात; पण तो बसवल्यावर धार इतकी बारीक होते की काही यंत्रांना नळी दुमडली आहे असे वाटून ती भोंगा वाजवू लागतात. पहिल्या यंत्राने तसाच भोंगा वाजवला, म्हणून त्याने दुसरे लावून पाहिले, ते शांत राहिले आणि तेच आम्हाला मिळाले. त्यानंतर त्याने स्वतःच्या पिशवीतून ॲनालायझर काढून आमच्यासमोर शुद्धता मोजली. ती ९४ होती. त्याने तो आकडा, तारीख आणि तासांच्या मीटरवरील १,१४० हा आकडा यंत्राला चिकटवलेल्या कागदावर लिहिला. या यंत्रावर शुद्धता दाखवणारा दिवाही आहे, जो ऑक्सिजन साधारण ८२ टक्क्यांच्या खाली गेला की रंग बदलतो. पहिल्या यंत्रावर तशी सोय नव्हती, किंवा असली तरी ती चालत नव्हती. भाडे महिना ४,५०० रुपये, म्हणजे हजाराने अधिक, आणि लहान मुलांचा मीटर अडीच हजारांना विकत घ्यावा लागला. ही किंमत योग्य आहे असे माझे मत आहे.

यंत्राचा खरा दोष वेगळाच आहे आणि तो कोणत्याही दुकानाच्या हातातला नाही. लेकराला पाव लिटर लागला तरी कॉम्प्रेसर पाच लिटरचीच मेहनत करतो, म्हणजे वीजही तेवढीच खातो. आमच्या यंत्राला सुमारे ३५० वॅट लागतात. चोवीस तास धरले तर दिवसाला साडेआठ युनिटच्या आसपास आणि महिन्याला अडीचशे युनिट होतात, आणि घराचा नेहमीचा वापर त्यात मिळवला की बिल ३०० युनिटांच्या पुढच्या महागड्या टप्प्यात जाऊन बसते. मे महिन्यात फक्त यंत्रापोटी वाढलेली रक्कम भाड्याच्या निम्म्याहून अधिक होती. दुकानदार भाडे सांगतो तेव्हा हा खर्च सांगत नाही, त्यामुळे हिशेब करणाऱ्यांनी भाड्याच्या दीडपट रक्कम डोळ्यांसमोर ठेवावी.

वीज गेल्यावर काय करायचे, हा प्रश्न आमच्याकडे उन्हाळ्यात रोजचाच असतो. आम्ही १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा साइनवेव्ह इन्व्हर्टर घेतला, कारण साध्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि तापतो. नव्या बॅटरीवर यंत्र साडेतीन तास चालायचे, नंतर त्याचे अडीच तास उरले. त्यामुळे बी-टाइप सिलिंडर हाच खरा आधार ठरला, आणि इथे पाव लिटरचा आकडा पहिल्यांदा आमच्या बाजूने उभा राहिला. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा हा सिलिंडर भरलेला असताना त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. दोन लिटर लागणाऱ्या माणसाला तो साडेबारा तास पुरतो. तासाला पंधरा लिटर ओढणाऱ्या लेकराला तोच शंभर तास पुरला पाहिजे. जोडांतून होणारी गळती धरली तरी तीन-साडेतीन दिवस सहज मिळतात. मे महिन्यात वळवाच्या पावसात खांब पडला आणि एकोणीस तास वीज नव्हती, तेव्हा सिलिंडरचा काटा १५० वरून १२० च्या आसपास आला आणि लेकरू त्या एकोणीस तासांत बहुतेक वेळ झोपून होते. नंतर मला असेही वाटले की लातूर शहरात, सिलिंडर भरून मिळण्याच्या ठिकाणाजवळ राहणाऱ्या घराने इतक्या लहान मुलासाठी यंत्राऐवजी दोन-तीन सिलिंडर फिरवत ठेवण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून जरूर करावा. वीज, आवाज आणि शुद्धतेची चिंता या तिन्हींपासून सुटका होते. आमच्या गावाहून भरायला न्यायचे म्हणजे अर्धा दिवस आणि गाडीभाडे जाते, त्यामुळे आम्हाला यंत्रच सोयीचे होते. मात्र सिलिंडरलाही लहान मुलांचाच फ्लोमीटर लागतो आणि तो यंत्राच्या मीटरहून वेगळा असतो, हे दुकानाच्या तंत्रज्ञाने सांगितले नसते तर खांब पडला त्या रात्री कळले असते.

आता उन्हाळ्याविषयी. पारा ४२ च्या वर जातो तेव्हा हे यंत्र स्वतःच्या मर्यादेबाहेर चाललेले असते. सोबतच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरावे असे छापलेले आहे, शिवाय ते स्वतःही गरम हवा बाहेर फेकते आणि पत्र्याच्या खोलीत ती हवा जायला जागा नसते. आम्ही केलेली चूक अशी की यंत्र थंड राहावे म्हणून ते कूलरच्या झोतात ठेवले. तंत्रज्ञ महिन्याच्या तपासणीला आला, त्याने ते दृश्य पाहिले आणि कपाळाला हात लावला, कारण कूलरची हवा म्हणजे ओली हवा आणि ओल म्हणजे झिओलाइटचा शेवट. त्या दिवशी शुद्धता ९१ निघाली. त्यानंतर यंत्र मधल्या पडवीत, भिंतीपासून हातभर दूर, सावलीत आणि कोरड्या हवेत उभे राहिले, आणि सात मीटरच्या नळीने ऑक्सिजन आतल्या खोलीत येऊ लागला. त्यामुळे रात्रीच्या धडधडीपासूनही अर्धी सुटका झाली. यंत्रासोबत मिळणारी पाण्याची बाटलीही त्याने डॉक्टरांना विचारून काढून टाकली. इतक्या बारीक धारेला ओलावा देण्याची गरज नसते, उलट बाटलीतल्या पाण्याचे थेंब बारीक नळीत अडकून धार तुटण्याची भीती असते. मला त्याचे बरेच वाटले, कारण तिच्यात बोअरचे पाणी चालत नाही, डिस्टिल्ड पाणी लागते, आणि २०१६ साली ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तिथे आणखी एका पाण्याची व्यवस्था लावणे माझ्या जिवावर आले होते.

धुळीचा त्रास ऑक्टोबरात कळला. आमचे घर गावाच्या कडेला आहे, सोयाबीनच्या मळणीचे यंत्र समोरच्या रानात उभे राहते आणि चार दिवस अंगणात पिवळसर भुसा तरंगत असतो. हवा आत घेणाऱ्या जाळीचा स्पंज आठवड्यातून एकदा धुवावा असे पुस्तिका सांगते. मळणीच्या दिवसांत मी तो रोज संध्याकाळी धुतला आणि रोज पाणी गढूळ निघाले. स्पंज पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचा नसतो, म्हणून दुसरा जास्तीचा घेऊन ठेवावा. तो दीडशे रुपयांना मिळतो आणि भाड्याबरोबर कोणीही आपणहून देत नाही.

घरातल्या माणसांना यंत्राशी जुळवून घ्यायला लागलेला वेळ यंत्राला लागलेल्या वेळेपेक्षा अधिक होता, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. बाळंतिणीला आणि लेकराला ओव्याची धुरी द्यायची, शेगडीचा शेक द्यायचा, अंगभर तेल चोळायचे, या सगळ्या गोष्टी सासूबाईंनी पाच लेकरांना केल्या होत्या आणि पाचही जण धडधाकट आहेत. धुरी बंद, देवघरातील समई आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत, सासऱ्यांची बिडी अंगणाच्या पलीकडे, आणि नाकाजवळ तेल किंवा व्हॅसलीन अजिबात नाही, ही यादी माझ्या तोंडून आली असती तर ती सुनेची यादी ठरली असती. तंत्रज्ञाने ती सासूबाईंनाच समजावली. ऑक्सिजनच्या संगतीत ठिणगी कशी भडकते हे त्याने साध्या शब्दांत सांगितले, आणि हातापायाला तेल चालेल पण चेहऱ्याला नको एवढी मुभाही दिली. त्या दिवसापासून बघायला येणाऱ्या बायकांना पडवीत थांबवून हात धुवायला लावण्याचे काम सासूबाईंनीच हाती घेतले. सेवेचे परीक्षण करताना हे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण यंत्र पोहोचवणारा माणूस घरातल्या कोणाशी बोलतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

नाकातली नळी, म्हणजे कॅन्युला, सर्वांत लहान मापाचीच घ्यावी आणि गालावर चिकटपट्टीच्या खाली त्वचा सांभाळणारी पातळ पट्टी आधी लावावी. पल्स ऑक्सिमीटरही वेगळा लागतो. कोविडच्या वेळचा बोटाचा चिमटा इतक्या लहान बोटावर भलतेच आकडे दाखवतो, तळपायाला गुंडाळण्याची पट्टी असलेला हवा. हे दोन्ही दुसऱ्या दुकानात मिळाले, किमतीही वाजवी होत्या.

एका गोष्टीत मात्र हेही दुकान घसरले. दिवाळीनंतर मुलाचा दिवसाचा ऑक्सिजन सुटला आणि फक्त झोपेपुरता उरला, तेव्हा प्रवासासाठी म्हणून त्यांच्या काउंटरवरच्या माणसाने आम्हाला खांद्याला अडकवण्याचे बॅटरीवरचे छोटे यंत्र दाखवले. दिसायला ते फार देखणे असते. पण त्यातली बहुतेक यंत्रे रुग्णाने श्वास ओढला की तेवढ्यापुरता झटका सोडतात, आणि तान्ह्या मुलाचा श्वास इतका हलका आणि भरभर असतो की यंत्राला तो कळतच नाही. अशा मुलाला अखंड धारच लागते. तंत्रज्ञ तिथे नव्हता. मी फोन करून विचारले म्हणून दीड लाखाच्या आसपासची खरेदी टळली. पुढे ३० डिसेंबरला येळवस, म्हणजे रानात जाऊन साजरी करायची वेळ अमावस्या, होती आणि लेकराची ती पहिलीच येळवस, तेव्हा आम्ही गाडीत छोटा ए-टाइप सिलिंडर ठेवून रानात गेलो. तो उघडावा लागला नाही. कडब्याच्या कोपीजवळ चूल पेटली होती म्हणून मी लेकराला घेऊन वाऱ्याच्या उलट्या अंगाला, बोरीखाली बसले. भज्जी आणि आंबील तिथेच आणून दिले गेले आणि आकडा दिवसभर ९५ राहिला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रात्रीचाही ऑक्सिजन बंद झाला आणि आम्ही यंत्र परत केले. दहा महिन्यांचे भाडे ४५,००० रुपये झाले होते आणि चांगल्या कंपनीचे नवे पाच लिटरचे यंत्र त्याच दुकानात पन्नास हजारांच्या आसपास मिळते, त्यामुळे विकत घेतले असते तर बरे झाले असते असे माझे पती आजही म्हणतात. माझे मत तसे नाही. ऑक्सिजन तीन महिने लागेल की दोन वर्षे, हे मार्चमध्ये कोणालाही सांगता येत नव्हते, आणि विकत घेतलेल्या यंत्राबरोबर दर महिन्याला ॲनालायझर घेऊन येणारा माणूस मिळत नाही. आम्ही यंत्राचे भाडे देतो असे समजत होतो. खरे म्हणजे आम्ही त्या तपासणीचे आणि रात्री अकरा वाजता उचलल्या जाणाऱ्या फोनचे भाडे देत होतो. याच कारणाने मी या दुकानाचेही नाव दिलेले नाही. ही सेवा एका माणसाच्या जाणकारीवर उभी आहे, तो उद्या दुसऱ्या गावी गेला तर पाटी तीच राहील आणि काउंटरवर ते देखणे छोटे यंत्र असेल. ज्यांना माझ्यासारख्याच कारणासाठी यंत्र हवे असेल त्यांनी लातूर असो, नांदेड असो किंवा संभाजीनगर, दुकानात फोन करून पाव लिटर हवा आहे एवढेच सांगावे आणि पलीकडून काय उत्तर येते ते ऐकावे.

यंत्राला मी पाचपैकी साडेतीन देते. दीड गुण विजेसाठी आणि लहान मुलांचा विचार न करता बनवलेल्या फ्लोमीटरसाठी कापले आहेत. दुसऱ्या दुकानाच्या सेवेला साडेचार. पहिल्या दुकानाला गुण देण्याचा प्रश्न नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुलाला साध्या सर्दीतून न्यूमोनिया झाला, पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि घरी येताना पुन्हा तीन आठवड्यांचा ऑक्सिजन लिहून मिळाला. अशा फुप्फुसांच्या मुलांना पहिली दोन-तीन वर्षे प्रत्येक सर्दी अशी जड जाऊ शकते हे आम्हाला आधीच सांगितले होते. त्याच संध्याकाळी तेच यंत्र, तोच कागद चिकटवलेला, परत आमच्या पडवीत आले. तीन आठवडे संपले तरी थंडी जाईपर्यंत ते जवळ असू द्या, असे डॉक्टरांचे मत पडले, म्हणून दुकानाने निम्म्या भाड्यावर संक्रांतीपर्यंत ठेवू दिले आहे. बंद यंत्र ओल धरते, त्यामुळे दर रविवारी आम्ही ते तासभर रिकामेच चालवतो. बटण दाबण्याचा मान आता एकवीस महिन्यांच्या झालेल्या मुलाचा असतो आणि पहिला सुस्कारा आला की तोही तसाच सुस्कारा टाकून दाखवतो. तासांच्या मीटरवर सध्या ७,४०० च्या वर आकडा आहे. गेल्या तपासणीत शुद्धता ९२ निघाली, पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.